बस्त्यातली उमेदवारी

सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला कुरुळीत पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेला उभं राहिलं की माणसांच्या आधी शर्ट दिसतात. करड्या शर्टांचा घोळका वेगळा, आकाशी शर्टांचा वेगळा, गडद निळ्या पँटवर फिकट निळा घातलेल्यांचा आणखी वेगळा. कंपनीची बस लांबून दिसली की त्या रंगाचा घोळका हलतो, बाकीचे ढिम्म. अर्धवट झोपेतला माणूससुद्धा चुकीच्या बसमध्ये बसत नाही. बसला तर शर्ट बघून बाकीचेच त्याला खाली उतरवतात. पायात सेफ्टी शूज, गळ्यात ओळखपत्र, आणि ओळखपत्राच्या फितीवरून कायम कामगार कोण, ठेकेदाराचा माणूस कोण आणि शिकाऊ पोरगं कोण हे लांबून कळतं. पॅरिसमध्ये म्हणे फॅशनचे मोठे सोहळे वर्षातून दोनदा होतात. आमच्याकडे दिवसातून तीनदा होतात, आणि उशीर झाला तर अर्धा दिवस कापतात.

अशा गावातल्या मुलीनं बारावी झाल्यावर "मला फॅशन कोऑर्डिनेटर व्हायचंय" असं जाहीर केलं, तर खरं म्हणजे कुणी दचकायला नको. आमच्या घरात सगळे दचकले. मुलगी माझी पुतणी. आजीनं विचारलं, "म्हंजी शिनेमात जाणार का ही?" वहिनींनी विचारलं, "म्हणजे शिवणकामच ना?" शिवणकाम म्हटल्यावर घराला जरा धीर आला. कारण घरात शिलाई मशीन होतं आणि गेली कित्येक वर्षं त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवण्याचं काम चोख चाललं होतं.

दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनी, कारखान्यातल्या माणसाचा प्रश्न विचारला. "सकाळी जाऊन नेमकं करायचं काय?"

पोरगी म्हणाली, "पप्पा, वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या वस्तू एकत्र आल्या की एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. ते बघायचं."

"मग त्यात काय? ते कुणीही बघेल."

आता दादा काय करतात ते सांगितलं पाहिजे. दादा चाकणला मोटारींचे बंपर रंगवण्याच्या विभागात आहेत. मोटारीचं धड पत्र्याचं आणि बंपर प्लास्टिकचा. धड एका कारखान्यात रंगतं, बंपर बहुतेक वेळा दुसऱ्यात. पत्रा दीडशे अंशांच्या जवळपास तापलेल्या भट्टीत भाजून निघतो. प्लास्टिकला तेवढी धग सोसत नाही, त्याला ऐंशीच्या आसपास ठेवावं लागतं. म्हणजे रंग वेगळा, भट्टी वेगळी, अंग वेगळं, आणि तरी दोघं शेजारी उभे राहिले की पांढरा तो एकच पांढरा दिसला पाहिजे. दादा दिव्यांच्या पेटीत मास्टर पॅनेलशेजारी बंपरचा तुकडा धरतात. आधी दिवसाचा उजेड, मग ट्यूबलाइट, मग पिवळा बल्ब. त्यानंतर यंत्र लावून दोन रंगांतल्या फरकाचा आकडा, म्हणजे 'डेल्टा ई', काढतात. हा आकडा मर्यादेपलीकडे गेला की बंपर परत. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या वस्तू जुळतात का, हे बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली.

वहिनी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, मग तुम्हाला कंपनी पगार कशाचा देते?"

दादांनी विषय बदलला.

तसा फॅशन कोऑर्डिनेटरचा धंदा शंभरेक वर्षांचा आहे. अमेरिकेतल्या मोठाल्या दुकानांना 1920च्या दशकात एक अडचण जाणवायला लागली. झग्यांच्या विभागानं हिरव्याची एक छटा मागवलेली असे आणि टोप्या, हातमोजे, बूट विकणाऱ्या मजल्यांवर तो हिरवा कुणाला माहीतच नसे. प्रत्येक विभागाचा खरेदीदार आपल्या राज्याचा राजा. मग सगळ्या मजल्यांवर फिरून या राजांना एकमेकांशी बोलायला लावणारं माणूस नेमायला लागले, आणि ते बहुधा बाई असे. आमच्या घरी हे काम आत्यांकडे होतं. पगार नव्हता, अधिकार अमर्याद होते.

कॉलेजांची माहितीपत्रकं आणि नोकरीच्या जाहिराती चाळताना पोरीला सगळीकडे एक वाक्य दिसायला लागलं: अनुभव असल्यास प्राधान्य. दादा वैतागले. "शिकायच्या आधी अनुभव कुठून आणायचा? तो काय चाकणच्या बाजारात कांदाबटाट्यासारखा पोत्यानं मिळतो?"

आमच्याकडे तो पोत्यानंच मिळतो. पोत्यावर नाव नसतं, एवढंच.

तिचं पहिलं गिऱ्हाईक चार पायांचं होतं. आमच्या खेड तालुक्यात पोळा भाद्रपदी अमावास्येला करतात; बाकीचा बराच महाराष्ट्र तो श्रावणातच उरकून मोकळा झालेला असतो. चुलत आजोबांच्या गोठ्यात शर्यतीची जोडी होती. शर्यती 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंद केल्या, त्या 2021च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाल्या, आणि 2023च्या मे महिन्यात घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. मधली सात वर्षं शर्यतींचे घाट ओस. बैलांना मिरवायला पोळ्याचा एकच दिवस उरला, म्हणून सगळी हौस त्या एका दिवसावर येऊन पडायची. शिंगांना रंग, त्यावर बेगड, टोकांना शेंब्या, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. जोडीतला एक पांढराशुभ्र आणि दुसरा कोसा. आजोबा दोघांवर एकसारखी तांबडी झूल टाकायचे. पांढरा त्यात नवरदेव दिसायचा आणि कोसा त्याचा सामान उचलणारा पाहुणा.

पोरगी तेव्हा चौथी-पाचवीत असेल. तिनं हट्ट धरून रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून दोन रंगांच्या लेसा आणि एकाच रंगाचे गोंडे आणवले. पांढऱ्याची झूल तांबडी, कोशाची गडद हिरवी. गोंडे मात्र दोघांचे सारखे. जोडी उठून दिसली. दोन वेगळी अंगं जोडी वाटायला हवी असतील तर त्यांना एकच कापड घालायचं नाही, कुठला तरी एक धागा सामाईक ठेवायचा, हे ती बैलांवर शिकली. पुढे तिनं तेच विहिणींवर वापरलं. हे विहिणींना सांगू नये.

बैलासारखं गिऱ्हाईक नाही. किंमत विचारत नाही, शेजारच्या बैलाला काय घेतलं हे बघत नाही, आणि "मला हा रंग गोऱ्या माणसाचा वाटतो" असं म्हणत नाही.

दुसरी शाळा अंगणातच होती. चाकण परिसरात बजाजपाठोपाठ मोठमोठे कारखाने आले, 2009 मध्ये फोक्सवॅगनचा सुरू झाला, आणि शेतांच्या जागी खोल्या उभ्या राहिल्या. आमच्याही आहेत, दहा खोल्यांची ओळ. भाडेकरू सोलापूरकडचे, नांदेडकडचे, बिहारचे, ओडिशाचे. दहा खोल्यांना मिळून कपडे वाळत घालायच्या तारा तीन. कापडाचं एवढं मोठं संग्रहालय तिकीट काढूनही बघायला मिळणार नाही. ओडिशाच्या वहिनींची संबलपुरी साडी तारेवर उलटी टाका नाहीतर सुलटी, नक्षी दोन्हीकडून सारखीच दिसते, कारण विणायच्या आधी सूतच बांधून रंगवलेलं असतं. त्यामुळे नक्षीची कड किंचित थरथरल्यासारखी दिसते. सोलापूरच्या आजींच्या इरकलीचा तांबडा पदर लांबून ओळखू येतो. बिहारच्या भाभी छठला मोशीच्या इंद्रायणी घाटावर निघाल्या की नाकाच्या शेंड्यापासून भांगापर्यंत केशरी सिंदूर, आणि त्या केशरीला शोभेल अशी पिवळी साडी आठवडाभर आधी तारेवर वारं खात असते.

आणि कुठला रंग जातो, हे त्या तारांवर जितकं कळतं तितकं कुठल्याही प्रयोगशाळेत कळत नसेल. सात नंबरच्या खोलीतल्या लाल साडीनं तीन नंबरच्या पांढऱ्या चादरीचा रंग कायमचा गुलाबी करून टाकला, तेव्हा झालेल्या भांडणात चार भाषा वापरल्या गेल्या. पोरगी मध्ये पडली. तिनं निवाडा दिला की यापुढे नवी सुती साडी पहिल्या तीन धुण्यांपर्यंत शेवटच्या तारेवर एकटी राहील. तो नियम अजून चालू आहे.

शाळेच्या स्नेहसंमेलनाचं थोडक्यात सांगतो. कोळीगीतात मुलं एकोणीस आणि भाड्याने आलेले कोळी पोशाख बारा. बाई हवालदिल. पोरीनं उरलेल्या सात जणांना निळ्या ओढण्या दिल्या आणि समुद्र केलं. घरी जाताना एक पालक आपल्या मुलाला विचारत होते, "तुझं काम काय होतं रे?" तो छाती काढून म्हणाला, "भरती."

पण खरी उमेदवारी बस्त्यात.

बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एका दिवसात, एका दुकानात, दोन्हीकडच्या माणसांच्या डोळ्यांदेखत. नवरीच्या साड्या मुलाकडच्यांनी घ्यायच्या, नवरदेवाचे कपडे मुलीकडच्यांनी, आणि एकमेकांनी किती खर्च केला हे कुणी बघत नाही असं दाखवत दोघांनी बघायचं. आमच्या चुलत भावाच्या लग्नाचा बस्ता होता. कुरुळीतून दोन गाड्या भरून माणसं पुण्याला लक्ष्मी रस्त्यावर निघाली. त्यातल्या कापड कळणाऱ्या तिघी होत्या, बाकीचे नाश्ता कळणारे होते.

दुकानात शिरलं की चपला काढून पांढऱ्या गादीवर बसायचं. चहा येतो, मग थंड येतं. विक्रेता एकामागून एक साड्या हवेत उलगडतो आणि कुणाचंही मन वळायच्या आत समोर ढीग करतो. या ढिगातून उतरंड लावायची असते. नवरीचा शालू, साखरपुड्याची, हळदीची. मग वरमाय. मग मानाच्या: आत्या, मामी, मावशी. त्यांच्याखाली करवल्या. त्यांच्याखाली भावकी. आणि सगळ्यांत शेवटी आहेराच्या साड्या, ज्या कुणी बघून घेत नाही आणि कुणी नेसतही नाही. त्या एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहतात. आमच्या घरातून गेलेली एक मोरपंखी साडी तीन गावं फिरून पुन्हा आमच्याच घरी आल्याचं वहिनींनी घडीवरून ओळखलं. पुरुषांचं सोपं. मामाला पूर्ण पोशाख, जवळच्यांना शर्ट-पँटचं कापड, बाकीच्यांना टॉवेल-टोपी.

अडचण मानाच्या साड्यांत. आत्याची साडी मामीच्या साडीपेक्षा हलकी दिसता कामा नये. भारीही दिसता कामा नये. आणि दोघींना सारखी घेतली तर दोघीही नेसणार नाहीत. निफ्टच्या, म्हणजे फॅशनच्या राष्ट्रीय संस्थेच्या, प्रवेशाला 'सिच्युएशन टेस्ट' असते, तिथं हाताशी दिलेल्या सामानातून ठरलेल्या वेळेत काहीतरी उभं करून दाखवायचं असतं. त्या परीक्षेत निदान सामान रुसत नाही.

पोरीनं बैलांची युक्ती काढली. एकाच विणीच्या दोन साड्या, काठ सारखे, अंगाचा रंग वेगळा, किंमत एकच. आत्यांना वांगी, मामींना डाळिंबी. आत्यांनी दोन्ही साड्या हातात धरून वजन केलं. मग म्हणाल्या, "हिची पिशवी मोठी हाय." पोरीनं विक्रेत्याकडून आणखी एक मोठी पिशवी मागून घेतली आणि प्रश्न मिटला. हे कुठल्या अभ्यासक्रमात आहे?

त्यानंतर जे झालं त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. करवल्यांसाठी एकरंगी आठ साड्या काढल्या होत्या, रामा रंगाच्या. पोरीला शंका आली. ती त्यातल्या दोन साड्या खांद्यावर टाकून सरळ दुकानाबाहेर चालती झाली. विक्रेता मागं धावला, त्याच्या मागं चहावाला, त्याच्या मागं आमची आजी चपला न घालता. रस्त्यावर उन्हात धरल्यावर दिसलं की एक साडी निळ्याकडे झुकते आणि दुसरी हिरव्याकडे. आत दिव्याखाली दोघी सख्ख्या बहिणी होत्या.

विक्रेता म्हणाला, "ताई, एवढं कोण बघतं? लग्न रात्रीचं ना?"

तोपर्यंत दादा दुकानाच्या पायरीवर सेल्फी काढणाऱ्या मुलांना वाट देत कंटाळून उभे होते. ते एकदम पुढे आले. आयुष्यभर दाबून ठेवलेला माणूस जागा झाला. "थांबा. तिचं बरोबर आहे. याला मेटामेरिझम म्हणतात. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फुटतात, कारण आतली रसायनं वेगळी असतात. तुमच्या या दोन साड्या एका घाण्याच्या नाहीत. तुमच्याकडे मास्टर पीस आहे का?" विक्रेत्याकडे मास्टर पीस नव्हता. दादांनी त्याला लक्ष्मी रस्त्यावर, रिक्षांचे हॉर्न वाजत असताना, डेल्टा ई समजावून सांगितला. आठही साड्या उन्हात आणल्या गेल्या, एकमेकींशेजारी धरल्या गेल्या, आणि तीन परत गेल्या. परतीच्या वाटेवर मोशीपर्यंत बाप-लेक रंगावर बोलत होते. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर तर त्यांना वेळच वेळ मिळाला.

दुसऱ्या दिवशी दादांनी बस्त्याचा तक्ता केला. अनुक्रमांक, नातं, मालाचं वर्णन, पुरवठादार, स्थिती. 'रिवर्क' या रकान्यात धाकट्या मावशींचा ब्लाउज होता. 'रिजेक्शन'मध्ये चुकून थोरल्या मावशींचंच नाव पडलं, आणि तक्ता फ्रिजवर चिकटवलेला असल्यामुळे ते त्यांनी वाचलं. त्यांची समजूत काढायला आणखी एक साडी लागली. तिच्यासाठी तक्त्यात नवीन ओळ घातली: 'अनपेक्षित.'

या तक्त्यानं पोरीला एक गोष्ट शिकवली, की लग्नात काम साडीवर अडत नाही, ब्लाउजवर अडतं. साडी एका दिवसात मिळते. मग फॉल-पिको, मग अस्तर, मग माप, मग लेडीज टेलर. जपान्यांची 'जस्ट इन टाइम' पद्धत चाकणमधल्या बहुतेक कारखान्यांना लागू पडली, आजवर एकाही ब्लाउजला लागू पडलेली नाही. टेलरताई प्रत्येकीला "परवा या" म्हणतात, आणि लग्नसराईतला परवा हा तिथीवर ठरत नाही. पोरीनं टेलरताईंशी वेगळाच करार केला: सगळे ब्लाउज एकदम न देता रोज चार द्यायचे, आधी ज्यांची मापं बदलायची शक्यता कमी त्यांचे. आत्यांचे शेवटी.

मग फेटे. फेटा सात-आठ मीटरचा आणि तो बांधणारा माणूस एका डोक्याला मिनिटभरच देतो, त्यामुळे रंगाचा निर्णय आधी व्हावा लागतो. घरच्यांचा एक, पाहुण्यांचा एक, एवढ्यावर भागत असेल असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्या पट्ट्यातल्या लग्नाला आजी-माजी आणि होऊ घातलेले असे सगळ्या पक्षांचे पुढारी येतात. त्यांची नावं माइकवरून घेतली जातात आणि प्रत्येकाला फेटा बांधावा लागतो. आता भगवा घेतला तर एकाचा, हिरव्यावर दुसऱ्याचा डोळा, निळा तिसऱ्याचा, गुलाबी म्हणाल तर अलीकडे तोही कुणीतरी घेतला. पोरगी रंगांचा तक्ता घेऊन बसली आणि एकही रंग अपक्ष सापडेना. शेवटी तिनं मोतिया ठरवला, त्याला सोनेरी किनार. सगळे पुढारी एका रांगेत बसले आणि फोटोत त्यांची युती झाली.

हळदीच्या पत्रिकेवर 'ड्रेस कोड: पिवळा' असं छापलं होतं. आमचे आजोबा वारकरी. त्यांनी ते वाचून सांगितलं, "माझ्याकडे दुसरा रंगच न्हाई." आणि धोतर, सदरा, टोपी अशा पांढऱ्यात येऊन बसले. भोवताली सगळ्या छटांचा पिवळा: लिंबू, आंबा, झेंडू, आणि आमच्या मेव्हण्यांचा एक, ज्याला निसर्गात नाव नाही. फोटोत नजर ठरते ती आजोबांवर. पोरीनं त्यांना नंतर प्रत्येक फोटोत मधोमध बसवलं. त्यांना वाटलं नात मान देते.

लग्न झाल्यावर घरात प्रश्न निघाला की या धंद्यात आपल्यातलं कुणी गेलं होतं का. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घरातली मुलगी गेली होती. वडील चित्रकार, ते ती लहान असतानाच वारले. मुंबईत जे. जे.त चित्रकला शिकली, प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. पोटासाठी बायकांच्या मासिकात फॅशनची रेखाचित्रं काढायला लागली. मासिकाच्या संपादकबाईंनी कपड्यांचं दुकान काढलं आणि हिला सांगितलं, जे काढतेस ते शिवूनही दाखव. तिथं सिनेमातल्या नट्या यायला लागल्या. 1956 मध्ये 'सी.आय.डी.'चे कपडे केले, आणि 1983 मध्ये 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर. भानू अथैया. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती. त्या चित्रपटातल्या अंत्ययात्रेच्या दृश्यात तीन लाखांच्या आसपास माणसं होती, हे ऐकून दादा म्हणाले, "ब्लाउज नसतील, म्हणून जमलं." 2012 मध्ये त्यांनी ते ऑस्कर नीट सांभाळलं जावं म्हणून अमेरिकेच्या अकादमीकडे परत पाठवलं, याची मात्र आजीला फार हळहळ वाटली. "रुखवतात मांडता आलं असतं," ती म्हणाली.

मला त्या गोष्टीतला दुसराच भाग महत्त्वाचा वाटला. भानूबाईंनी उमेदवारी केली ती मासिकात, आणि तिथं चित्राचे पैसे मिळत.

कारण आमच्या पोरीची कीर्ती आता चिंबळी, निघोजे, मोशीपर्यंत गेली आहे. फोन येतात. "बाळा, आमच्या बस्त्याला येशील का? तुला तेवढाच अनुभव." ज्या लग्नात हा अनुभव वाटला जातो त्याच लग्नात घोड्याचा दर ठरलेला असतो. बँडचा ठरलेला असतो, डीजेचा, ड्रोनवाल्याचा, निवेदकाचा, जनरेटरचा. फेटेवाला डोकी मोजून पैसे घेतो. घोड्याला कुणी म्हणत नाही की बाबा, नवरदेव बसव, तेवढाच तुला अनुभव. पोरीला दिवसभराच्या कामाबद्दल जेवण, नारळ आणि ब्लाउजपीस मिळतो. सध्या तिच्याकडे इतके ब्लाउजपीस आहेत की मशीनवर इस्त्रीचे कपडे ठेवायला जागा नाही. एकही दुसऱ्याशी जुळत नाही.

शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन द्यायला लावणारा कायदा या देशात 1961 पासून आहे. चाकणच्या कारखान्यांत तो माहीत आहे. लक्ष्मी रस्त्यावर गादीवर बसल्यावर त्याच माणसांना त्याचा विसर पडतो. दादांनी मात्र कारखान्याचा नियम घरात लावला. "ट्रायल लॉट फुकट द्यायचा असतो. एकदाच. दुसऱ्या लॉटला पर्चेस ऑर्डर लागते." चुलत भावाचं लग्न हा ट्रायल लॉट धरण्यात आला. आत्यांनी यावर हरकत घेतली, त्यांनी आयुष्यभर हे काम फुकट केलं म्हणून. वहिनी म्हणाल्या, "आत्या, तुम्ही पण बिल लावा." तेव्हापासून आत्या गप्प आहेत आणि हिशेब करत असाव्यात.

पुढचं शिक्षण अजून ठरायचं आहे. निफ्टचं मुंबई केंद्र 1995 पासूनचं, आता ते खारघरला आहे. पण परीक्षा कठीण आणि फी दादांच्या बंपरांच्या मानाने जास्त. आयटीआयमध्ये फॅशन डिझाइनचा वर्षाचा ट्रेड आहे, तो घरातून येऊन-जाऊन होईल. पोरीचं म्हणणं, आधी आयटीआय करून हात बसवते, मग निफ्टला बसते. दादांनी तिला कारखान्यातली जुनी, काढून टाकलेली दिव्यांची पेटी रीतसर परवानगी घेऊन आणून दिली आहे. ती दहा खोल्यांच्या ओळीत शेवटच्या रिकाम्या खोलीत ठेवली आहे, आणि भाडेकरणी साड्या घेऊन तिथं रंग बघायला येतात.

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होईल. बस्त्याला तिला न्यायचं असेल त्यांनी निदान पंधरा दिवस आधी सांगावं. आत्या-मावश्यांची यादी वयानुसार न देता रुसण्याच्या क्रमानं द्यावी. दुकान उन्हाच्या बाजूचं निवडावं. आणि कृपा करून ब्लाउजपीस देऊ नये. रोख चालेल, यूपीआयही चालेल.